मागच्या चाकांचं कुलूप

माझे अब्बा मिस्त्री होते. तालुक्याच्या गावी, साखर कारखान्याकडे जाणाऱ्या रस्त्याला, पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचं गॅरेज होतं. मी कवितेच्या नादी लागलो, हातात पाना धरला नाही, याचं त्यांना शेवटपर्यंत थोडं वाईट वाटत राहिलं. पण यंत्राविषयीची एक गोष्ट त्यांनी मला लहानपणीच दाखवली होती. ती मी विसरलो नाही. अलीकडे माझ्या भाच्यानं एक जुनी जीप घेतली. पावसाळ्यात तो मित्रांबरोबर सह्याद्रीतल्या आडवाटा धुंडाळत असतो. त्यानं परवा विचारलं, "मामू, मागच्या डिफरन्शियलला लॉक बसवायचाय. चार-पाच प्रकार आहेत. कुठला घेऊ?" प्रश्न मिस्त्रीला विचारायचा, विचारला कवीला. पण अब्बा आता नाहीत, तेव्हा उत्तर मलाच शोधावं लागलं. ते शोधताना जवळजवळ दोनशे वर्षांचा इतिहास हाती लागला. आजचं बोलणं त्याविषयी.

आधी अब्बांनी दाखवलेली गोष्ट सांगतो. मी तेव्हा अकरा-बारा वर्षांचा असेन. कारखान्याचा हंगाम सुरू झालेला आणि मध्येच अवकाळी पाऊस झाला. उसानं भरलेली ट्रॉली घेऊन शेतातून बाहेर पडताना एक ट्रॅक्टर काळ्या मातीत रुतला. निरोप आला तसे अब्बा सायकलवरून निघाले, मागे कॅरिअरवर मी. जाऊन पाहतो तर ट्रॅक्टरचं डावं चाक चिखलात गरगर फिरतंय आणि उजवं चाक बांधाच्या घट्ट जमिनीवर मुकाट उभं आहे. ड्रायव्हर रेस वाढवत होता. जितकी रेस जास्त, तितकं डावं चाक खोल जात होतं. अब्बांनी त्याला खाली उतरवलं, स्वतः सीटवर बसले, इंजिन हळू केलं आणि टाचेनं खालचं एक लहानसं पेडल दाबून धरलं. मग सावकाश क्लच सोडला. दोन्ही चाकं एकदम फिरली आणि ट्रॅक्टर ट्रॉलीसकट बाहेर आला.

परत येताना मी विचारलं, "बांधावरच्या चाकाला पकड होती, मग ते आधी का फिरलं नाही?" अब्बा म्हणाले, "चिखलातल्या चाकाला जेवढा जोर लागतो, तेवढाच दुसऱ्याला मिळतो. चिखलातल्याला काही लागतच नव्हतं, म्हणून ह्यालाही काही मिळालं नाही." हे वाक्य मला नीट समजायला पुढची बरीच वर्षं गेली.

बैलगाडीला ही अडचण कधी आली नाही. तिची चाकं आसाभोवती सुटी फिरतात. वळताना आतलं चाक थोडं चालतं, बाहेरचं जास्त चालतं, आणि कुणाचं काही अडत नाही. कारण गाडी बैल ओढतात, चाकं तिला ढकलत नाहीत. इंजिन आलं आणि चाकांनाच जोर पुरवायची वेळ आली, तिथून भानगड सुरू झाली. दोन चाकांत दीड मीटर अंतर असेल तर एक पूर्ण फेरा घेताना बाहेरचं चाक आतल्या चाकापेक्षा जवळजवळ साडेनऊ मीटर जास्त चालतं. फेरा अंगणाएवढा असो की मैदानाएवढा, हा फरक तेवढाच राहतो. मग दोन्ही चाकं एकाच दांड्याला घट्ट जोडली तर वळणावर एक चाक फरफटणार, टायर घासणार, नाहीतर दांडा पिळवटणार. दोघांनाही जोर द्यायचा आणि दोघांनाही आपापल्या वेगानं फिरू द्यायचं, हे कसं जमवायचं?

उत्तर एका घड्याळजीनं काढलं. पॅरिसच्या ओनेझिफोर पेकर यानं १८२७-२८ मध्ये वाफेवर चालणाऱ्या गाडीसाठी दातेरी चाकांची एक रचना करून तिचं पेटंट घेतलं. इंजिनचा जोर एका पिंजऱ्याला येतो, पिंजऱ्यात लहान दातेरी चाकं असतात, आणि ती दोन्ही बाजूंच्या दांड्यांना धरून असतात. गाडी सरळ चालली की सगळं एकत्र फिरतं. गाडी वळली की आतलं चाक जेवढं मागे पडतं तेवढंच बाहेरचं पुढे जातं. दोघांच्या वेगांची सरासरी नेहमी पिंजऱ्याच्या वेगाएवढी राहते. हाच डिफरन्शियल. आपल्याकडच्या गॅरेजात 'क्राऊन-पिनियनचं काम निघालं' असं म्हणतात, तेव्हा बिघाड बहुधा ह्याच्याच आसपास असतो.

वाफेच्या गाड्या मागे पडल्या, तरी ही कल्पना राहिली. पन्नास वर्षांनी इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्लीनं ती पुन्हा शोधली. स्टार्ली मूळचा शिवणयंत्रांतला कारागीर, नंतर सायकलींकडे वळलेला. गोष्ट अशी सांगतात की, शेजारी शेजारी बसून दोघांनी चालवायच्या तीनचाकीवर तो आपल्या मुलाबरोबर निघाला होता. प्रत्येकाच्या पेडलनं आपापल्या बाजूचं चाक फिरे. मुलगा तरणाबांड, त्याच्या बाजूचं चाक पुढे धावलं, गाडी वळली आणि बापलेक खाज आणणाऱ्या झुडपांत जाऊन पडले. गोष्ट खरी असो वा रचलेली, १८७७ मध्ये स्टार्लीनं तीनचाकीसाठी डिफरन्शियलचं पेटंट घेतलं हे मात्र खरं. त्याच्या 'साल्व्हो' तीनचाकीची मागणी राणी व्हिक्टोरियाच्या घरूनही आली. पुढे १८८६ मध्ये कार्ल बेंझनं ज्या मोटारीचं पेटंट घेतलं, तिच्यातही डिफरन्शियल होताच. तिथपासून आजच्या पेट्रोल-डिझेलच्या मोटारींपर्यंत तो जवळजवळ सगळ्यांच्या पोटात आहे.

ह्या घराण्याची पुढची गोष्ट गमतीची आहे. स्टार्लीचा पुतण्या जॉन केम्प स्टार्ली यानं १८८५ मध्ये 'रोव्हर' नावाची सायकल काढली. त्या नावाची कंपनी पुढे मोटारी बनवू लागली आणि १९४८ मध्ये तिनंच ॲम्स्टरडॅमच्या प्रदर्शनात लँड रोव्हर मांडली. म्हणजे चुलत्यानं चाकांना मोकळीक दिली आणि पुतण्याच्या कंपनीनं अशी गाडी काढली, जिच्या चालकांना चिखलात ती मोकळीक नकोशी वाटू लागली.

कारण डिफरन्शियलचा दुसरा गुण. तो दोन्ही चाकांना सारखाच जोर देतो, कमी ना जास्त. बैलांचं जू डोळ्यांसमोर आणा. मधोमध एकाच ठिकाणी ते गाडीला बांधलेलं असतं. एका बैलानं मान टाकली तर दुसऱ्यानं कितीही ताकद लावली तरी जू तिरपं होतं, गाडी पुढे जात नाही. तसंच इथं होतं. एक चाक चिखलात असेल, त्याला फिरायला नखाएवढा जोर पुरत असेल, तर कोरड्या खडकावरच्या चाकालाही नखाएवढाच जोर मिळतो. सपाट डांबरी रस्त्यावर ही वाटणी कुणाला खटकत नाही. ओढ्यात, घळीत, शेताच्या बांधावर तीच गाडीला अडकवते.

चारही चाकांना जोर देणाऱ्या गाडीचं तरी काय? दुसऱ्या महायुद्धातली विलिस जीप १९४१ पासून जगभर गेली. स्वातंत्र्यानंतर महिंद्र कंपनीनं तिची जुळणी मुंबईत सुरू केली आणि ती आपल्या खेड्यापाड्यांतली गाडी झाली. पण ह्या जीपच्या पुढच्या आणि मागच्या दोन्ही आसांवर साधेच डिफरन्शियल. खड्ड्यातून तिरपं जाताना पुढचं एक चाक आणि त्याच्या समोरच्या कोपऱ्यातलं मागचं एक चाक उचललं गेलं, की ती दोन हवेत फिरतात आणि जमिनीवरची दोन स्वस्थ उभी राहतात. 'फोर व्हील' असूनही जीप अडकते कशी, असा प्रश्न माझ्या भाच्याला पहिल्याच पावसाळ्यात पडला, तो इथेच.

तेव्हा मोकळीक गरजेपुरती काढून घ्यायची सोय हवी. तिलाच लॉक म्हणतात. गेल्या शंभरेक वर्षांत लॉकचे अनेक प्रकार निघाले. मी ते वाचत गेलो तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. दाते, चकत्या, हवा, वीज हे सगळे तपशील झाले. खरा फरक एकाच प्रश्नाचा आहे: कुलपाची किल्ली कोणाकडे?

पहिल्या प्रकारात किल्लीच नाही. डिफरन्शियलमधली लहान दातेरी चाकं वेल्डिंग करून पिंजऱ्याला कायमची जोडून टाकायची. गावोगावचे वेल्डर हे थोडक्या पैशांत करून देतात. चिखलात अशी गाडी मुळीच ऐकत नाही, पुढे जातेच. पण ती घरीही त्याच अवस्थेत येते. डांबरी रस्त्यावर प्रत्येक वळणाला टायर घासतो, आसाच्या दांड्यावर पिळा बसतो, आणि पावसात निसरड्या वळणावर गाडीचा मागचा भाग केव्हा फिरेल सांगता येत नाही. ट्रेलरवरून शर्यतीला न्यायची आणि ट्रेलरवरूनच परत आणायची, अशा गाडीला हे चालेल.

दुसरा प्रकार अर्धवट कुलपाचा. १९३० नंतरच्या दशकात फर्डिनंड पोर्श यांनी आउटो युनियनसाठी शर्यतीची गाडी केली. तिचं इंजिन इतकं दांडगं की मागचं एक चाक भरधाव वेगातही जागच्या जागी फिरू लागे. पोर्श यांनी झेडएफ ह्या जर्मन कंपनीकडून त्यावर उपाय करून घेतला: दोन चाकांच्या वेगात फार फरक पडू लागला की आतल्या घर्षणानं तो अडवायचा. पुढे त्याच जातीची रचना जर्मन लष्कराच्या हलक्या गाड्यांत गेली. अमेरिकेत १९५६ मध्ये पॅकार्ड कंपनीनं घर्षणाच्या चकत्यांचा असा डिफरन्शियल गिऱ्हाइकांना देऊ केला. ह्याला 'लिमिटेड स्लिप' म्हणतात. तो रस्त्यावर सौम्य वागतो, वळताना कळतही नाही. पण चकत्या झिजतात, तेल विशिष्टच लागतं, आणि एक चाक पूर्ण हवेत गेलं तर चकत्यांच्या घर्षणाइतकाच जोर दुसऱ्याला मिळतो.

ह्याच कुळातला एक हुशार भाऊ आहे टॉर्सन. अमेरिकेतल्या व्हर्नन ग्लीसमन यांनी १९५८ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. त्यात चकत्या नाहीत, पेचदार दातेरी चाकं आहेत. कमजोर चाक जेवढा जोर पेलतं, त्याच्या काही पट जोर तो दुसऱ्याला देतो. अमेरिकन लष्कराच्या हमवी गाडीत पुढे-मागे हाच बसवला गेला. पण शून्याला कितीनंही गुणलं तरी शून्यच. चाक हवेत गेलं की टॉर्सनही हात टेकतो. म्हणून हमवीच्या चालकांना शिकवलं जातं की, अशा वेळी ॲक्सिलरेटर देता देता ब्रेकवर हलका पाय ठेवायचा. ब्रेकमुळे हवेतल्या चाकाला थोडा विरोध होतो, आणि त्या विरोधाच्या काही पट जोर जमिनीवरच्या चाकाला जातो.

हे वाचलं तेव्हा मी उठून दोन फेऱ्या मारल्या. कारण आमच्याकडचे ट्रॅक्टरवाले हेच करत. ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकाचे ब्रेक वेगळे असतात. टाचेचं पेडल गंजून बसलं असेल, तर जुना ड्रायव्हर फिरणाऱ्या चाकाचा तेवढा ब्रेक दाबायचा आणि दुसऱ्या चाकाच्या जोरावर ट्रॅक्टर काढायचा. लष्करानं लिहून काढलेली युक्ती इकडे बांधावर तोंडी चालत आली होती.

तिसऱ्या प्रकारात किल्ली यंत्राकडे. महायुद्धाच्या काळात अमेरिकेत 'नो-स्पिन' नावाचा डिफरन्शियल वापरात आला, तोच पुढे 'डेट्रॉइट लॉकर' म्हणून नावारूपाला आला. तो मुळातच बंद असतो. वळताना बाहेरचं चाक पुढे पळू लागलं की तेवढ्यापुरते त्याचे दाते सुटतात, वळण संपलं की पुन्हा बसतात. बसताना खाडकन आवाज होतो, गाडीला हिसका बसतो. मजबुतीला तोड नाही, पण ओल्या रस्त्यावर सवय नसलेल्या माणसानं त्याच्या वाटेला जाऊ नये. ईटन कंपनीनं उलट बाजूनं विचार केला. तिनं १९७३ मध्ये जनरल मोटर्सच्या गाड्यांसाठी काढलेला लॉकर एरवी मोकळा असतो. दोन चाकांच्या वेगात मिनिटाला शंभरेक फेऱ्यांचा फरक पडला की आतली लहान वजनं बाहेर फेकली जातात, खटका पडतो आणि लॉक लागतो. ताशी तीसेक किलोमीटरच्या वर तो लागतच नाही. चालकाला काही करावं लागत नाही, ठाऊकही असावं लागत नाही. आपल्याकडे महिंद्रच्या थारला २०१५ मध्ये ह्याच जातीचा लॉक मिळाला, आणि २०२० च्या नव्या थारच्या काही गाड्यांतही तो आला. उणीव एकच: तो लागण्यापूर्वी चाक घसरावं लागतं. कड्याच्या काठावर खडक चढताना चाक आधी घसरू द्यायचं आणि मग हिसक्यानं लॉक लागायचा, हे प्रत्येकाला परवडत नाही.

चौथ्या प्रकारात किल्ली चालकाच्या हाती. ह्याचं मूळ शेतीत आहे. महायुद्धात हरलेल्या जर्मनीत आल्बर्ट फ्रीडरिश ह्या इंजिनिअरनं शेतकऱ्यांसाठी एक गाडी आखली, ती युनिमॉग. बटाट्याच्या दोन ओळींवरून चाकं नीट जावीत म्हणून तिच्या दोन चाकांतलं अंतर १ मीटर २७ सेंटिमीटर ठेवलं होतं. १९४८ मध्ये ती तयार होऊ लागली, तेव्हा इंजिन होतं अवघं २५ अश्वशक्तीचं, पण पुढच्या आणि मागच्या दोन्ही डिफरन्शियलना लॉक होते. नांगरटीच्या जमिनीत कमी ताकदीनं काम काढायचं तर तेच हवं होतं. आमच्या ट्रॅक्टरचं टाचेचं पेडल ह्याच विचाराचं. पुढे १९७९ मध्ये आलेल्या मर्सिडीजच्या जी-वॅगनलाही असे लॉक मिळू लागले.

ऑस्ट्रेलियात मैलोन्‌मैल वस्ती नसलेल्या प्रदेशात गाडी अडकली तर जिवावर बेतायचं. तिथं एआरबी कंपनीनं १९८७ मध्ये हवेच्या दाबावर चालणाऱ्या लॉकचा व्यवसाय विकत घेऊन 'एअर लॉकर' जगभर पोचवला. गाडीत एक लहान कॉम्प्रेसर बसवायचा, बटण दाबलं की हवा जाते, कडं सरकतं आणि दोन्ही चाकं एक होतात. टोयोटानं १९९० नंतरच्या लँड क्रूझरमध्ये तेच काम विजेच्या मोटरवर केलं. ह्या लॉकचा समोरच्या फळीवरचा दिवा आधी लुकलुकतो. दाते पूर्ण बसले की स्थिर होतो. पुण्याच्या फोर्स मोटर्सनं गुरखा गाडीला कारखान्यातूनच पुढे-मागे लॉक दिले. २०२१ च्या गुरखात चालकाशेजारच्या दोन दांड्या ओढून ते लावायचे असतात. हवेच्या लॉकची नळी फुटू शकते, विजेच्या लॉकची तार तुटू शकते, दांडीचा सांधा गंजू शकतो. पण लॉक नादुरुस्त होऊन सुटाच राहिला, तर डिफरन्शियल निदान साधा तरी उरतो. सगळ्यांत वाईट म्हणजे तो लागलेला राहणं आणि चालकाला ते न कळणं.

हे मी ऐकीव सांगत नाही. अब्बांनी तो ट्रॅक्टर काढला, त्याच्या पुढच्या वर्षी आमचे चाचा दुसऱ्या एका ट्रॅक्टरवर होते. शेतातून निघताना त्यांनी लॉक लावला. पाय काढल्यावर पेडल स्प्रिंगनं वर यायला हवं, पण सांध्यात गाळ बसून सुकला होता. पेडल खालीच राहिलं. चाचा डांबरी रस्त्याला लागले, कालव्याजवळच्या वळणावर त्यांनी स्टिअरिंग फिरवलं, आणि ट्रॅक्टर वळेचना. मागची दोन्ही चाकं एक होऊन सरळच ढकलत होती, पाठीमागे ट्रॉलीचं ओझं. चाचा ब्रेकपर्यंत पोचले, पण उशीर झाला होता. ट्रॅक्टर चारीत उतरला. जीव वाचला, डावा पाय मात्र कायमचा अधू झाला. अब्बांनी त्या दिवसापासून एक नियम केला. गॅरेजात कुठलाही ट्रॅक्टर आला, काम इंजिनचं असो की दिव्याचं, आधी ते लहान पेडल दाबून सोडून बघायचं. वर आलं तरच पुढचं काम.

पाचव्या प्रकारात किल्ली संगणकाकडे. ब्रेक लागताना चाक अडकू नये म्हणून प्रत्येक चाकाचा वेग मोजायची सोय गाड्यांत आली, आणि तिचाच उपयोग करून फिरणाऱ्या चाकाला आपोआप ब्रेक लावता येऊ लागला. आपल्याकडे २०२३ मध्ये आलेल्या मारुतीच्या जिम्नीत ही सोय आहे. नीट पाहिलं तर ही ट्रॅक्टरवाल्याच्या डाव्या-उजव्या ब्रेकचीच युक्ती. फक्त पाय माणसाचा नाही. रस्त्यावर तिचा काही त्रास नाही, सुटायची राहून जाईल अशी भीती नाही. पण तीही चाक घसरल्यावरच जागी होते, आणि लांबलचक चिखलात ब्रेक तापतात.

मग भाच्याला काय सांगावं? आधी मी त्याला एक प्रश्न विचारला, "आठवड्यातले किती दिवस गाडी चिखलात असते?" तो म्हणाला, "रविवारी. बाकीचे सहा दिवस मी तिच्यातून कामावर जातो." निम्मं उत्तर ह्यातच होतं. जी गाडी सहा दिवस रस्त्यावर, तिचं डिफरन्शियल सहा दिवस मोकळं राहिलं पाहिजे. वेल्डिंग तिथंच बाद झालं. पावसातल्या घाटात हिसके देणारा डेट्रॉइट लॉकरही बाद. संगणकाची सोय जुन्या जीपमध्ये नंतर बसवता येण्यासारखी नाही. उरले तीन: घर्षणाचा, ईटनच्या जातीचा आपोआप लागणारा, आणि चालकानं लावायचा.

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी, जी गाड्यांच्या जाहिरातींत सहसा नसते. लॉक लागल्यावर गाडी नेहमीच जास्त सुरक्षित होते असं नाही. जे चाक जागच्या जागी फिरतं, त्याची पुढे जाण्याची पकड सुटते तशी बाजूला न घसरण्याचीही सुटते. साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक फिरत असतं, तेव्हा दुसरं स्थिर असतं आणि ते गाडीचा मागचा भाग जागेवर धरून ठेवतं. लॉक लावला आणि दोन्ही चाकं एकदम घसरली, तर धरून ठेवणारं कुणी उरत नाही. समोरच्या चढावर हे चालून जातं. पण वाट डोंगराच्या कुशीला तिरपी जात असेल, एका बाजूला दरी आणि खाली ओलं गवत असेल, तर तोच लॉक गाडीला दरीकडे सरकवू शकतो. सह्याद्रीतल्या पावसाळी वाटा बऱ्याचदा अशाच असतात. तिथं लॉक लावायचा नाही हे ठरवायला माणूस लागतो. आपोआप लागणाऱ्या लॉकला दरी दिसत नाही. चाक घसरलं एवढंच त्याला कळतं.

म्हणून मी म्हणालो, मागच्या चाकांना, आणि चालकानं लावायचा. मागच्याच का, तर चढावर गाडीचं वजन मागे येतं, आणि पुढची चाकं मोकळी राहिली तर स्टिअरिंग हलकं राहतं. हवेचा की विजेचा, हे ज्याच्या दुरुस्तीला जवळ माणूस मिळेल त्यावर ठरव. गाडीत असा फेरफार करण्यापूर्वी आरटीओचे नियम विचारून घे. लॉक सुरू आहे हे सांगणारा दिवा डोळ्यांसमोर बसव, पायापाशी नको. चाक फिरत असताना लावू नकोस; थांब, मग लाव, नाहीतर दाते मोडतील. आणि त्याही आधी टायरमधली हवा थोडी कमी करून बघ, वाट उतरून पायी बघ. निम्म्या वेळी लॉकची गरजच पडणार नाही.

गोव्यात २०१४ पासून ऐन पावसाळ्यात 'रेनफॉरेस्ट चॅलेंज' नावाची स्पर्धा सुरू झाली. मूळ स्पर्धा मलेशियातली, १९९७ ची. तिथल्या चिखलात लॉक नसलेल्या गाडीचा निभाव लागणं कठीण. भाच्याला तिथं एकदा जायचं आहे. जाईलही. पण मला त्याच्या स्पर्धेची तेवढी काळजी नाही. स्पर्धेत चिखलाच्या दोन्ही बाजूंना माणसं आणि दोर घेऊन मदतीच्या गाड्या असतात. रविवारी संध्याकाळी चिखलातून बाहेर पडून, दमून, गप्पा मारत डांबरी रस्त्याला लागायची वेळ असते, तिची मला काळजी आहे.

महिन्याभरानं त्यानं विजेचा लॉक बसवून घेतला आणि मला जीपमधून घेऊन गेला. एका ओढ्याच्या काठावर मागचं चाक घसरू लागलं. तो थांबला. बटण दाबलं. समोर तांबडा दिवा लागला. जीप सावकाश, काही गाजावाजा न करता चढून वर आली. पुढे कच्ची वाट संपून डांबर सुरू होत होतं. मी काही बोलणार एवढ्यात त्याचा हात बटणाकडे गेला. दिवा विझला. तरीही त्यानं लगेच वळण घेतलं नाही. पाच-दहा पावलं सरळ गाडी चालवली, स्टिअरिंग थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे करून पाहिलं, आणि मगच घाटाच्या वळणाला लागला.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)